मुलगी, घोडी आणि १८१७चं नागपूर: मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहिताना कामाचा क्रम

दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी मुलगी आणि घोडा यांची ऐतिहासिक गोष्ट लिहायची म्हटली की बहुतेकांचं पहिलं पान सारखंच निघतं. पहाट, धुकं, टापांचा आवाज, पाठीवर उडणारी वेणी. माझ्याकडे वाचायला आलेल्या कितीतरी हस्तलिखितांत दहाव्या पानापर्यंत घोडा एकदाही चारा खात नाही, लीद टाकत नाही, लंगडत नाही. मुलीनं टाच मारली की तो धावतो आणि काम संपलं की नाहीसा होतो. असल्या घोड्यावर मुलीचा जीव आहे असं लेखक सांगतो, पण मुलांना ते पटत नाही.

चूक क्रमात आहे. आपण आधी इतिहास वाचतो, मग कथानक रचतो आणि घोडा शेवटी आणून बांधतो. हा क्रम उलटा करा. आधी घोडा, मग मुलगी, मग साल, मग गाव. आणि कथानक अगदी शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. मध्ये उडी मारू नका.

लिहायला बसण्याआधी

एक जाड वही, जुन्या नागपूरचा साधा नकाशा (हातानं काढलात तरी चालेल) आणि जुन्या तिथी काढून देणारं पंचांग किंवा त्यातला जाणकार माणूस, एवढं हाताशी ठेवा. दोन-तीन आठवडे फक्त नोंदींसाठी द्या. या काळात गोष्टीचं एकही वाक्य लिहायचं नाही. हे जड जातं, पण घाईनं लिहिलेलं पहिलं प्रकरण नंतर काढून टाकवत नाही आणि पुढची सगळी पानं त्यालाच सांभाळत बसतात.

टप्पा १: जिवंत घोड्याजवळ तासभर उभं राहा

नागपुरात अजून नवरदेवासाठी घोडी देणारी माणसं आहेत. लग्नसराई नसताना, सकाळी चाऱ्याच्या वेळी, मालकाला विचारून जा. फोटो काढायची घाई करू नका, आधी नुसतं बघा.

मी पहिल्यांदा गुळाचा खडा तळहातावर ठेवून पुढे केला, तेव्हा दात लागतील म्हणून हात आखडत होते. लागले ते ओठ. मऊ, कोरडे, मध्येच एखादा राठ केस. श्वास गरम आणि त्याला भिजवलेल्या हरभऱ्याचा वास. मानेवर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरली, बाकी अंग जागच्या जागी. एक कान माझ्याकडे होता, दुसरा रस्त्यावरच्या ट्रककडे. पुढे माझ्या गोष्टीतल्या दोन प्रकरणांचा आधार हा कानच झाला.

वहीत पाच गोष्टी लिहून आणा: कान कधी कुठे वळले, श्वासाचा आवाज कधी बदलला, कुठे हात लावलेला आवडला, कुठे नाही, आणि मालक तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलतो. शेवटची नोंद बहुतेकजण विसरतात.

*सावध:* घोड्याच्या मागून जाऊ नका. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे थेट पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, आधी आवाज देऊन जवळ जा. खाऊ देताना तळहात सपाट. गोष्टीतली मुलगीही असंच करते. पहिल्या भेटीत थेट नाकावर हात ठेवणारी मुलगी घोडा न पाहिलेल्या लेखकाची असते.

टप्पा २: घोडीची नोंदवही

आता घोडीचं शरीर समजून घ्या. माझ्या जुन्या एका गोष्टीत घोडा विषारी पाणी पितो, ओकतो आणि वाचतो असा प्रसंग होता. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला तो वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, घोडं ओकत नसते. त्याच्या पोटातलं वर येतच नाही. म्हणून तर पोट दुखलं का आमचा जीव जाते." अख्खं प्रकरण काढावं लागलं, पण त्याच्या जागी पोटदुखीची जी रात्र आली ती कितीतरी खरी होती.

कथेला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी एवढ्या:

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि परक्या जागी तो सहसा आडवा होत नाही. श्वास फक्त नाकानं घेतो. दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. दहा लिटरची घागर धरली तर तीन-चार घागरी. त्या भरायच्या कोणी? गोष्टीतल्या मुलीनं. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलावे लागतात. वय दातांवरून ओळखतात. नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं आणि त्याहून जास्त जगतो.

चालीचेही हिशोब ठेवा. साध्या चालीनं घोडा ताशी सहा-सात किलोमीटर जातो, दुडकीनं बारा-तेरा. चौखूर उधळला तर चाळीसच्या पुढे, पण ते थोडाच वेळ. मग तो घामानं निथळतो आणि त्याला हळूहळू चालवत गार करावं लागतं. दिवसभराचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरचा धरा. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तुमची नायिका सकाळी निघून दुपारी रामटेकला पोचत असेल, तर घोडी पार थकून गेली तरी आहे किंवा तुमचं गणित चुकलंय.

उंची मोजायची चूक सर्रास होते. भीमथडी जातीचा दख्खनी घोडा लहान चणीचा, खांद्यापाशी साधारण सव्वाचार ते साडेचार फूट. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्याएवढी त्याची पाठ येते. म्हणजे ती उडी मारून स्वार होणार नाही. तिला ओटा लागेल, दगड लागेल, नाहीतर बापाचा हात लागेल. या ओट्यावरून एक छान प्रसंग निघतो: ज्या दिवशी ओट्याजवळ घोडी आपणहून आडवी उभी राहते तो दिवस.

शब्दही आत्ताच जमवा. पागा (घोडे बांधायची जागा), मोतद्दार, नालबंद, खोगीर, तंग (खोगीर आवळायचा पट्टा), रिकीब (पाय ठेवायची कडी), लगाम, खरारा (अंग घासायची फणी आणि ते घासणं), तोबरा, अगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधायच्या दोऱ्या), चंदी, वैरण. मुलांना यातले निम्मे माहीत नसतात. तळटीप देऊ नका. कृतीतून कळू द्या. माझ्या उदाहरणातली मुलगी येसू, घोडी टिकली. "येसूनं भिजलेली चंदी तोबऱ्यात ओतली आणि तोबरा टिकलीच्या तोंडाला अडकवला" एवढ्यावर मुलांना चंदी आणि तोबरा दोन्ही कळतात.

*तपासा:* वही मिटून घोडीची एक पूर्ण दिनचर्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत, न अडखळता सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: मुलगी घोडीपर्यंत पोचते कशी?

घोडा महाग होता. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर. मग तुमच्या गोष्टीतली घोडी कुणाची आहे आणि मुलीला तिच्याजवळ जायला कोण देतं? हा प्रश्न टाळला की सगळं पोकळ होतं.

माझा कल मोतद्दाराच्या मुलीकडे आहे. मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस. त्याच्या पोरीला घोड्यांमध्ये वावरायला कुणी वेगळी परवानगी देत नाही, कारण ती कामालाच असते: शेण-लीद काढणं, पाणी, खरारा. घोडी तिची नाही, पागेची आहे. जीव तिचा आणि मालकी दुसऱ्याची, यात गोष्टीचा निम्मा ताण आपसूक येतो. शिलेदाराची मुलगी घेतलीत तर घोडा घरचा, पण घराची सगळी पत त्या एका जनावरावर; तो लंगडला तर घर लंगडतं. तेही चांगलं. राजघराण्यातली मुलगी मात्र नवख्यानं घेऊ नये. दरबाराचे रीतिरिवाज संभाळता संभाळता घोडा मागे पडतो.

बायका त्या काळी घोड्यावर बसत होत्या का, अशी शंका काही संपादक काढतात आणि घाबरून लेखक मुलीला मुलाचे कपडे घालतो. गरज नाही. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ साली उत्तर भारतातल्या फत्तेगडला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली होती. तिथल्या मराठा बायका दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसत, आणि या पाहुणीचं एका बाजूला पाय घेऊन बसण्याचं इंग्रजी खोगीर त्यांना चमत्कारिक वाटलं, असं तिनंच लिहून ठेवलंय. कासोट्याचं लुगडं या बसण्याच्या आड येत नाही. अर्थात ही श्रीमंत सरदार घराण्यांची गोष्ट. मोतद्दाराची पोर पागेच्या आवारात, खोगिराशिवाय, नुसतं पाणवठ्यापर्यंत बसून जाईल. तेवढं पुरे आहे.

आणि एक गोष्ट झाकू नका: त्या काळी अकरा वर्षांच्या मुलीचं लग्न बहुधा झालेलं असतं किंवा ठरलेलं असतं, सासरी पाठवणी तेवढी राहिलेली. मुलांच्या गोष्टीत हे कसं आणायचं म्हणून लेखक वय लपवतात. उलट, हे साधेपणानं सांगा. "येसूचं लग्न मागच्या वैशाखात झालं होतं, सासर कळमेश्वराकडे. न्यायला कधी येतील ते मायला ठाऊक होतं, पण माय सांगत नव्हती." आजची दहा वर्षांची मुलगी हे वाचून चटकन थांबते. घोडीपासून तोडणारी गोष्ट लढाई नसून हीसुद्धा असू शकते.

*नेहमीची चूक:* नागपूरच्या झाशी राणी चौकातून रोज येता-जाता आपल्या मनात घोड्यावरची बाई म्हणजे लढणारी राणीच बसलेली असते. मग प्रत्येक मुलगी शेवटी तलवार उपसते. तुमच्या नायिकेच्या हातात खरारा ठेवा.

टप्पा ४: एकच साल, एकच ऋतू

"भोसल्यांच्या काळात" असं लिहिलेलं हस्तलिखित मी परत देते. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात? उदाहरणासाठी मी १८१७चा कार्तिक घेते. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) जेंकिन्सच्या बाजूची इंग्रज फौज यांच्यात लढाई पेटली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली आणि भोसल्यांचा पराभव झाला. कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाचा हल्ला त्यात मोलाचा ठरला. १६ डिसेंबरला नागपुरात पुन्हा लढाई झाली. तारखा एवढ्याच. मुलांना याहून जास्त लागत नाहीत.

आता तिथी काढा. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला अमावास्या होती आणि २३च्या सुमारास पौर्णिमा. म्हणजे २६ला, बुधवारी, सूर्यास्तानंतर दोनेक तास काळोख आणि मग रात्रभर चांदणं. "अमावास्येच्या काळ्याकुट्ट रात्री तोफा धडाडल्या" असं वाक्य तुम्ही लिहिलं असतंत, हो ना? त्याऐवजी चंद्र उगवण्याआधीचे दोन तास अंधारात थरथरणारी घोडी लिहा, आणि मग उजेडात तिला आणखी लांबून दिसायला लागलेला धूर.

*तपासा, १८१७च्या नागपुरात काय नव्हतं:* रेल्वे नव्हती, ती १८६७ साली आली. कामठीची छावणी नव्हती, ती १८२१ची. मारबतीची मिरवणूक १८८०च्या दशकातली. झिरो माईलचा खांब त्याच्याही नंतरचा. आगकाडी नव्हती, घरोघरी चहा नव्हता, रॉकेलचा कंदील नव्हता. गांधी गेट म्हणू नका, जुम्मा दरवाजा म्हणा. गांधीसागरला शुक्रवारी तलाव. तर्री-पोह्यांचा मोह सगळ्यांनाच होतो, पण येसू भाकर आणि जवसाची चटणी खाईल.

टप्पा ५: गाव पायांनी मोजा

हा टप्पा एका सकाळीचा आहे. महालातून (नागपूरच्या जुन्या वस्तीतून) निघा, शुक्रवारी तलावाच्या कडेनं सीताबर्डीच्या पायथ्यापर्यंत चालत जा. घड्याळ लावा. तोफेचा आवाज महालातल्या पागेत किती जवळून ऐकू आला असेल, ते पायांना कळतं. मग महालाच्या दक्षिणेला नाग नदीपर्यंत जा. आजचा नाला बघून नाक दाबू नका. कार्तिकातलं गुडघाभर वाहतं पाणी आणि काठचा चिखल डोळ्यांपुढे आणा. विदर्भाची काळी माती ओली असली की खूर धरून ठेवते. पळून जाण्याच्या प्रसंगात ही माती विसरू नका.

टप्पा ६: नातं कामातून बांधा

इथे घाई करू नका. माझ्या मते अर्धी गोष्ट याच टप्प्याची असावी. "त्या दोघींचं एकमेकींवर खूप प्रेम होतं" हे वाक्य एकदाही न लिहिता वाचकाला ते कळायला हवं.

विश्वासाच्या पाच पायऱ्या पाडा आणि प्रत्येक पायरीला एक काम द्या. माझ्या उदाहरणातल्या घोडीचं नाव टिकली, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून. (बिजली, तुफान, पवन ही नावं आता पुरे. पागेतली माणसं रंगावरून, खोडीवरून नाव ठेवतील.)

पहिल्या पायरीला येसू फक्त घागरी आणते आणि टिकली ती लांब गेल्यावरच पाणी पिते. दुसरीला ती जवळ उभी असताना पिते, पण कान मागे पाडून. तिसरीला खरारा: मानेवर चालतो, पोटाखाली हात गेला की पाय आपटते, आणि येसू तिथेच थांबायला शिकते. चौथीला येसू खुरातला खडा काढते. घोडा आपला पाय दुसऱ्याच्या हातात देतो म्हणजे काय देतो याचा विचार करा: पळून जायचं साधन देतो. हा प्रसंग दोन पानं लिहा. पायाचं वजन, खुरात अडकलेली ओली माती, खडा निघाल्यावरचा तो एक लांब सुस्कारा. पाचवी पायरी सगळ्यांत शांत: एका दुपारी येसू पागेत बसलेली असताना टिकली गुडघे मोडून आडवी होते आणि गाढ झोपते. टप्पा २ मधली नोंद इथे कामाला येते. वाचकाला आधीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे की परक्यासमोर ती आडवी होत नाही.

मधे एक पायरी खाली घसरवा. येसू रागात बादली आपटते आणि टिकली दोन दिवस जवळ येऊ देत नाही. ज्या गोष्टीत विश्वास फक्त वाढतच जातो तिथे मुलं पानं उलटायला लागतात.

*सावध:* घोडीच्या मनातले विचार माणसाच्या वाक्यात लिहू नका. "टिकलीला वाटलं, येसू आता माझी मैत्रीण आहे" हे खोडा. कान, नाकपुड्या, शेपटी, पाय, श्वास एवढीच तिची भाषा. ती येसूला जितकी कळते तितकीच वाचकाला कळू द्या, कधी चुकीचीही कळू द्या.

टप्पा ७: संकट शरीरातून काढा

आता कथानक. प्रश्न असा: पागेतले सगळे घोडे लढाईला गेले, मग टिकली मागे का राहिली? उत्तर नोंदवहीत आहे. ती गाभण आहे, दिवस भरत आलेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विणार असेल तर अकरा महिने मागे मोजा. जानेवारीच्या मध्यावर पोचता. पहिल्या प्रकरणात संक्रांतीच्या आसपासचा एखादा उल्लेख पेरून ठेवा. येसूचा बा बाकीच्या घोड्यांबरोबर गेलेला, पागेत येसू आणि टिकली. तोफा सुरू होतात. टिकली चाऱ्याला तोंड लावत नाही, पोटाकडे वळून बघते, जमीन उकरते, बसते, उठते. ही वेण आहे की पोटदुखी? येसूला ठाऊक नाही. ती तिला रात्रभर चालवत राहते, आवारातल्या आवारात, चंद्र वर येईपर्यंत आणि नंतरही.

एवढं संकट पुरतं. मुलीनं लढाईचा निकाल फिरवायचा नाही. निकाल ठरलेला आहे आणि मुलांना तो शाळेत कळणार आहे. निरोप पोचवून सैन्य वाचवणारी मुलगी लिहिलीत की दहा वर्षांचा वाचकही विचारतो, "मग भोसले हरले कसे?"

*तपासा:* संकटातून सुटका होते ती आधीच्या पाच पायऱ्यांपैकी एखादीमुळे होते का? योगायोगानं भेटलेल्या साधूमुळे होत असेल तर टप्पा ६ कडे परत जा.

टप्पा ८: बोली

निवेदन साध्या, आजच्या मराठीत. संवाद नागपूरच्या बोलीत, पण हलक्या हातानं. "माय, टिकलीनं वैरणीले तोंड नाही लावलं." "काऊन वं?" "मले का ठाऊक? तिचे कान पाह्य न." एवढं बस. पान भरून बोली लिहिलीत तर पुण्या-कोल्हापूरचं मूल अडखळेल. अजिबात वगळलीत तर नागपूरचं मूल म्हणेल, हे आमच्या इथलं नाही. येसू आईला माय म्हणते, बापाला बा. कारभाऱ्यासमोर ती बोलतच नाही, बा बोलतो.

"हुजूर", "जो हुक्म" ही सिनेमाची भाषा मोतद्दाराच्या घरात आणू नका.

टप्पा ९: मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा

पहिला खर्डा झाला की चार-पाच मुलांना बसवून वाचा. छापील प्रत हातात देऊ नका. ती कुठे चुळबुळ करतात, कुठे पाणी प्यायला उठतात, तिथे समासात रेघ मारा. "आवडलं का?" विचारू नका, ती हो म्हणतात. विचारा, "टिकली कुठल्या गोष्टीला घाबरते?" आणि "येसूनं कुठे चूक केली?" दोन्हींची उत्तरं पटकन आली नाहीत तर टप्पा ६ पुन्हा लिहायचा. इतिहासाचा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला तरच त्याचं उत्तर गोष्टीत वाढवा.

वाचताना एखादं मूल नकळत तळहात सपाट करून पुढे धरतं. त्या ओळीला हात लावू नका.